गाऱ्हाण्याला टाळ्या

माझ्या देहात लालित्य नाही, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. बोरिवलीतल्या एका लग्नाच्या हॉलच्या पहिल्या मजल्यावर, बारा अनोळखी माणसांसमोर, एका खादीच्या कुरत्यातल्या गृहस्थांनी मला ते अत्यंत हळुवारपणे सांगितलं. "मॅडम, तुम्ही चालत नाही. तुम्ही पोचता," असं ते म्हणाले. आता अंधेरीच्या ऑफिसात गेली बावीस वर्षं मला पोचण्याचाच पगार मिळतो, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. बाकीचे अकरा जण माझ्याकडे करुणेने बघत होते. त्यातल्या निम्म्यांना मागच्याच रविवारी 'तुम्ही दगडासारखे बसता' असं सांगितलं गेलं होतं, त्यामुळे त्यांना जरा बरं वाटत असावं.

या शिबिराचं नाव होतं 'देह, स्वर आणि अभिव्यक्ती'. दहा रविवार, सकाळी नऊ ते एक. मी तिथे गेले ती काही नटी व्हायला नाही. मी गेले ती देवाशी कसं बोलायचं ते शिकायला. हे ऐकून कुणीही हसेल, आणि हसावंच. मीही आता हसते. त्या वेळी मात्र मी भलतीच गंभीर होते.

आम्ही चारकोपला राहतो, मी आणि बाबा. आईला जाऊन आठ वर्षं झाली. माझ्या लग्नाचं प्रकरण फार आधी आटोपलं आणि त्याचा इथे काही संबंध नाही. आमच्या बिल्डिंगीत दर वर्षी माघी गणपती बसतो, पाच दिवसांचा. बिल्डिंगीत अर्धे लोक आमच्यासारखे मालवणकडचे, कधीकाळी गिरणगावातून इकडे आलेले. उरलेल्यांत बँकवाले, मास्तर, दोन गुजराती कुटुंबं. आम्हा कोकणातल्या लोकांची एक रीत आहे. गणपती आणला की आणि बोळवताना, कुणीतरी एकाने पुढे उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्याकडे हे काम तीस वर्षं बाबांचं होतं. गुजराती कुटुंबंसुद्धा इतकी तयार झाली होती की त्यांची लहान मुलं शाळेत हजेरी देताना चुकून 'व्हय म्हाराजा' म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

बाबांच्या आवाजाचं शिक्षण कापडगिरणीत झालं. चारशे मागांच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक मारायची, हा त्यांचा रियाज. गिरणी बंद पडली, ते शाळेत शिपाई झाले, पण आवाज गिरणीतच राहिला. ते घरात 'चाय घे' म्हणाले तरी तिसऱ्या माळ्यावरचे लोक कपाकडे हात न्यायचे. लहानपणी मला त्या आवाजाची फार लाज वाटायची. शाळेच्या गेटावरून ते मला हाक मारायचे तेव्हा मी दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी चालायची. कदाचित माझं लालित्य तेव्हाच संपलं असेल.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं, नशीबवान आहात. बाबांनी मान डोलावली, कारण दुसरं काही करण्याची सोय आता उरली नव्हती. गळ्याला एक भोक, त्यावर रुमाल, आणि हातात लहान मुलांची ती पुसायची पाटी. मालवणीत लिहायचे आणि टिचकी वाजवून वाचायला लावायचे. ओरडण्याची सगळी ताकद त्यांनी त्या टिचकीत आणली होती.

पहिला महिनाभर घरात इतकी शांतता होती की मला झोप यायची नाही.

मग माघी गणपतीची मीटिंग आली. गाऱ्हाणं कोण घालणार, हा विषय निघाल्यावर सगळे आधी जमिनीकडे आणि मग मोबाइलकडे बघायला लागले. सेक्रेटरी म्हणजे एकदम सोल्युशनवाला माणूस. तो म्हणाला, "अरे टेन्शन काय घेताय यार? काकांचं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ना माझ्याकडे. ब्लूटूथ लावू, झकास!"

बाबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि जोरात टिचकी मारली. मी वाचलं: "गेल्या वर्साक मागलला सगळा झाला. आता परत तेकाच धाव्वीत पास करूचा काय?"

बरोबरच होतं. गेल्या वर्षी ज्या मुलाचं दहावीचं मागितलं होतं तो आता अकरावीत नापास व्हायच्या तयारीत होता. देवाला जुनी यादी परत ऐकवणं म्हणजे भरलेल्या बिलासाठी पुन्हा रांगेत उभं राहणं. रेकॉर्डिंग बाद झालं. बाबांनी मग पाटी पुसली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि खुर्चीत मागे रेलून बसले. त्यांच्या दृष्टीने मीटिंग संपली होती.

"बाईमाणूस कसं चालेल पण?" मागून कुणीतरी म्हणालंच. ज्याने म्हटलं त्याची बायको त्याच्या शेजारीच बसली होती आणि गणपतीची सगळी भांडी तीच घासते.

बाबांनी लिहिलं: "देवाक चलता. तुमका चलणा नसात तर घरात बसा."

अशी मी नेमली गेले. घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, "अहो, मला नाही येत. माझा आवाज तुमच्यासारखा नाही." त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या मते गाऱ्हाणं घालायला 'येणं' वगैरे लागत नाही, तोंड लागतं. पण मी त्यांची सुशिक्षित मुलगी, मालवणीत चेडू. मला कुठलीही गोष्ट शिबिर केल्याशिवाय येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तीस वर्षं ज्या जागी तो आवाज उभा होता तिथे मी उभी राहणार, आणि माझ्या तोंडून चिरका, घाबरलेला आवाज येणार, आणि सगळ्यांना त्याच क्षणी कळणार की बाबांचा आवाज कायमचा गेला. मला ते नको होतं. निदान माझ्यामुळे तरी नको होतं.

म्हणून बोरिवली, लग्नाचा हॉल, आणि सर.

सर श्वासापासून सुरुवात करत. पहिले दोन रविवार आम्ही फक्त सतरंजीवर उताणे पडून पोटावर हात ठेवले. खालच्या मजल्यावर कुणाची तरी हळद चालू असायची, बँड वाजायचा, आणि आम्ही 'आतली शांतता' ऐकायचो. "श्वास टाचेतून घ्या," सर म्हणायचे. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. माझ्या टाचांना भेगा आहेत, त्यामुळे थोडीफार हवा जात असेलही. तिसऱ्या रविवारी आम्हाला झाडं वाटून देण्यात आली. एका सुनेला चाफा मिळाला, एका निवृत्त इंजिनिअरला वेळू मिळाला, मला वड. मी का वड, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाऊण तास आम्ही वाऱ्यावर डोललो. चाफा रडला. सरांना ते फार आवडलं.

मग आवाज. दातांत पेन्सिल धरून बोलायचं, ओठ मिटून 'म' घुमवायचा, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडायचा नाही, हवेत तरंगत ठेवायचा. "वाक्य संपवू नका, सोडून द्या," सर म्हणायचे. "आणि पॉज! पॉजमध्ये अभिनय असतो." त्यांच्या बोलण्यातही पॉज इतके असायचे की शंका विचारावी तर आपण मधेच बोललो असं व्हायचं. माझ्या उच्चारांतलं नाकातलं कोकण त्यांनी चार रविवार खर्चून बाहेर काढलं. "तुमच्या भाषेला मातीचा वास आहे," ते म्हणाले. हे कौतुक आहे असं समजून मी हसले, तेव्हा त्यांनी सांगितलं की तो घालवायचा आहे.

घरी मी रियाज करायचे. बाबा खाटेवर बसून बघायचे. मी पेन्सिल तोंडात धरून 'चकचकीत चांदीची चमचेवाटी' म्हणत घरभर वाऱ्यासारखी फिरायचे आणि ते पाटीवर काहीच लिहायचे नाहीत. एकदाच लिहिलं: "दात दुकतत काय?"

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांची एक पद्धत होती. बिल्डिंगीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि लोक एकेक करून येऊन आपापलं मागणं त्यांना सांगून जायचे. ते लिहून घ्यायचे नाहीत; सगळं डोक्यात. या वर्षी खुर्चीवर मी बसले, वही घेऊन, आणि बाबा शेजारी. लोक आले. कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाचे गुडघे, बी विंगची लिफ्ट, रिडेव्हलपमेंटची फाइल, एका सुनेला दिवस जावेत, एका सासूने जरा गावी जाऊन राहावं. सासू आणि सून एकाच घरातल्या होत्या आणि दोघी माझ्याकडे वेगवेगळ्या आल्या. मी सगळं लिहून घेतलं.

सगळ्यात शेवटी पहिल्या माळ्यावरच्या काकू आल्या. एकट्या राहतात, नवरा पोस्टात होता तो वारला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मुलग्याचं माग गं. एकदा फोन करू दे त्याने. तीन वर्षं झाली." त्यांचा मुलगा अमेरिकेत नाही, मुलुंडला राहतो. "पण मोठ्याने नको हां म्हणू," त्या म्हणाल्या. मी वहीत फक्त 'पहिला माळा' असं लिहिलं.

ती वही मी सरांना वाचून दाखवली, फोनवर. मला अगदी शेवटची तालीम करायची होती. सरांनी सगळं ऐकलं, मोठा पॉज घेतला, आणि म्हणाले, "हे परफॉर्म होत नाही. ही वाण्याची यादी आहे. लिफ्ट? गुडघे? रसभंग होतो. कापा. तीन मूल्यं ठेवा. आरोग्य, शांती, समृद्धी. त्यावर चढत जा."

आणि मी कापलं. हे मला इथे सरळ कबूल करायचं आहे, कारण पुढे मी सरांवर बरंच ढकललं. पण कात्री माझ्या हातात होती. मला वाटलं, देवाला काय, आरोग्यात गुडघे आले, शांतीत सासू आली, समृद्धीत लिफ्ट आली. आणि ऐकायला किती छान वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती आले. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते. सर मुद्दाम बोरिवलीहून आले आणि पहिल्या रांगेत उभे राहिले. बाबा मखराच्या बाजूला खुर्चीवर. आरती झाली, सगळे शांत झाले, मी पुढे आले. पोचले नाही, चालत आले. श्वास पोटात होता, खांदे सैल होते, हनुवटी योग्य कोनात होती. "बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, आणि आवाज खरोखर असा काही लागला की माझा मलाच काटा आला. तो चिरका नव्हता, घाबरलेला नव्हता. मी हात वर नेला. मी वाक्य तरंगत सोडून दिलं. मी पॉज घेतला.

कुणीच काही म्हणालं नाही.

मला वाटलं, भारावले असतील. मी पुढे गेले. आरोग्य. पॉज. मागून एका म्हाताऱ्याने अर्धवट 'व्ह...' केलं आणि शेजारच्यांनी त्याला गप्प केलं, मध्ये बोलू नये म्हणून. शांती. पॉज. समोर पंधरावीस मोबाइल वर गेले होते. समृद्धीला मी आवाज इतका चढवला आणि इतक्या अलगद उतरवला की शेवटचं अक्षर कुठे संपलं ते मलाही कळलं नाही. मग सरांनी टाळी वाजवली. मग सेक्रेटरीने. मग सगळ्यांनी. शिट्टीसुद्धा आली. "एकदम प्रोफेशनल!" सेक्रेटरी म्हणाला. "तोडलंस गं तू, काय सॉलिड!" ज्याला बाईमाणूस चालत नव्हतं त्याने माझ्याबरोबर फोटो काढला. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं; त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

अख्ख्या गाऱ्हाण्यात एकदाही 'व्हय म्हाराजा' झालं नव्हतं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही. मी तरंगतच घरी गेले.

बाबा खाटेवर बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले, गळ्यावरचा रुमाल नीट केला आणि पाटी मागितली. मी कौतुकाची वाट बघत होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई, शाळेचं प्रगतिपुस्तक हातात धरल्यासारखी उभी होते.

"बरा बोललंस," त्यांनी लिहिलं. मग खाली: "पण मागलंस काय?"

"सगळ्यांसाठी मागितलं ना," मी म्हटलं. "आरोग्य, शांती, समृद्धी."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं: "ता तर कॅलेंडरावर पण लिवलेला आसता."

मी चिडले. चांगलीच चिडले. मी म्हटलं, तुम्हाला माझं काही आवडतच नाही, तुमच्यासारखं ओरडलं नाही म्हणून राग आहे का, लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या दिसल्या नाहीत का. ज्या माणसाला उलट ओरडता येत नाही त्याच्यावर मी ओरडले. मग त्यांनी पाटी उलटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

तावातावाने मी दूध आणायला खाली उतरले, तर पहिल्या माळ्यावर काकू दारात उभ्या होत्या. माझीच वाट बघत असाव्यात.

"छान झालं हां," त्या म्हणाल्या. "माझं राहिलं का गं? नाही, म्हटलं असशील तू. मला हल्ली ऐकायला कमी येतं ना."

मी "म्हटलं ना काकू" असं सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. ते सांगायला मी तोंडही उघडलं होतं. पण नाही सांगता आलं. "राहिलं, काकू," मी म्हटलं. त्या लगेच म्हणाल्या, "असू दे, असू दे, इतक्या गर्दीत होतं असं." आणि मला बरं वाटावं म्हणून त्यांनी माझ्या साडीचं कौतुक केलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेच्या गेटावरसुद्धा नाही.

वर गेले, बाबांच्या खाटेपाशी खाली बसले आणि म्हटलं, "शिकवा मला."

त्यांचा वर्ग चार दिवस चालला. त्यात झाडं नव्हती. मी वही घेऊन उभी राहायची, ते खाटेवर बसायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाटेच्या फळीवर थाप मारायचे. वाक्य तिथे धपकन खाली आलंच पाहिजे. माझं तरंगायला लागलं की ते टिचकी मारून थांबवायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती थाप म्हणजे लोकांना खूण असते. वाक्य जमिनीवर आपटलं की लोकांना कळतं, आता आपली पाळी. मी वाक्य हवेतच ठेवलं होतं, तर बिचारे ते कुठून उचलणार? मी मध्येच भावना आणली की बाबा जांभई द्यायचे. हात वर गेला की ते त्या हाताकडे असे बघायचे की तो आपोआप खाली यायचा. आवाज फुटला, खोकला आला, नाकातून कोकण आलं, तरी त्यांना काही वाटायचं नाही. फक्त कुणाचं मागणं गळलं की पाटी आपटायचे.

"काकूंचं कसं म्हणायचं?" मी विचारलं. "मोठ्याने नको म्हणाल्यात."

त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं: "पयल्या माळ्यावरच्या बायेच्या मनात जा काय आसा, ता तुका ठावक आसा म्हाराजा. ता पुरा कर." मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, काय कठीण आहे त्यात, अशा अर्थाने. तीस वर्षांत या माणसाने कुणाकुणाच्या मनातलं असं झाकून सगळ्यांसमोर मागितलं असेल, कोण जाणे. आम्हाला वाटायचं ते नुसते ओरडतात.

सरांना मी फोन करून सांगितलं की विसर्जनाचं गाऱ्हाणं जरा वेगळं करणार आहे, पूर्ण यादी वाचणार आहे. "परफॉर्मन्स मरेल," ते म्हणाले. मी म्हटलं, चालेल. त्यावर त्यांनी जो पॉज घेतला तो अजून संपलेला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तीनला आम्ही पुन्हा मखरासमोर जमलो. मी ऑफिसचा कुर्ता घातला होता. मी सरळ जाऊन पोचले आणि वही उघडली. सेक्रेटरीने मोबाइल वर धरला. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "आज ही तुझी लेकरां तुका बोळवूक जमलेली आसत, तेंच्या हातसून काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल म्हाराजा." आणि वाक्य खाली आपटलं.

"व्हय म्हाराजा!" त्या म्हाताऱ्याने एकट्यानेच सुरुवात केली, आणि दुसऱ्या मागणीपासून सगळे आले. व्हिसा. व्हय म्हाराजा. गुडघे. व्हय म्हाराजा. बी विंगच्या लिफ्टला तर लहान मुलांनी छप्पर उडवलं. सासू आणि सून यांची मागणी एकाच वाक्यात 'ज्येका ज्या घरात जसा सुख, तसा दी' अशी बसवली, त्यालाही दोघींनी मनापासून होकार दिला. सेक्रेटरीचा मोबाइल कधी खाली आला मला माहीत नाही. एका हाताने कुणी नीट 'व्हय म्हाराजा' म्हणू शकत नाही. माझा आवाज तिसऱ्या मिनिटालाच बसला होता आणि फाटल्यासारखा येत होता. पहिल्या माळ्याचं म्हटलं तेव्हा मी काकूंकडे बघितलं नाही. होकार मात्र इतका मोठा आला की त्यांना नक्की ऐकू गेला असेल.

यादी संपली. मी वही मिटणार, एवढ्यात टिचकी वाजली. बाबांनी खुर्चीतून हात पुढे केला होता. हातात चार घड्या केलेला कागद. पाटी नाही, कागद. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं कधी काही मागितलं नव्हतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पण आता घालणारी मी होते आणि ते रांगेतले एक.

मी कागद उघडला आणि आधी नजर न फिरवता मोठ्याने वाचायला लागले. ही माझी चूक झाली. आधी मनात वाचायला हवं होतं.

"बा देवा, माझो आवाज गेलो तो गेलो," मी वाचलं, "तेचा काय नाय. ह्या चेडवाचो राखून ठेव..."

पुढचं दिसत होतं पण निघेना. दहा रविवार पोटातून, टाचेतून, कण्यातून आणलेला श्वास कुठेच सापडेना. मी भर बिल्डिंगीसमोर हुंदके देत उभी राहिले, नाक वाहतंय, पदरही नाही पुसायला. कुणी मोबाइल वर केला नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. ते नुसते थांबून राहिले, कारण वाक्य अजून खाली आलं नव्हतं.

"म्हण गं," काकू म्हणाल्या. "आम्ही आहोत."

मी कशीबशी शेवटची ओळ वाचली. "घरात आता तेवढोच आसा म्हाराजा."

सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बाबांचेही ओठ हलले.